हुशार आहे ना, मग लेस का बांधता येत नाही?

संपादक साहेब,

माझा मुलगा चौथीत आहे, आठवीच्या बीजगणितातली समीकरणं तोंडी सोडवतो पण बुटाची लेस अजून मलाच बांधून द्यावी लागते, आणि वॉटर बॉटल महिन्यातून दोनदा तरी हरवते. शाळेत दरवेळी एकच ऐकते, "हुशार आहे हो, पण आळशी." आळशी नाहीये तो! बुद्धी पुढे धावते आणि हात वयाप्रमाणे किंवा त्याच्याही मागे राहतात, असं अशा मुलांमध्ये होऊ शकतं. ठरवणं, लक्षात ठेवणं, मोह आवरणं, सामान आवरणं, ही मेंदूची एक्झिक्युटिव्ह फंक्शनची कामं, ती वेगळी, बुद्ध्यांक वेगळा. ही कामं करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो आणि आपण नऊ वर्षांच्या पोराकडून मॅनेजरची अपेक्षा करतो.

गंमत म्हणजे मार्क चांगले पडतात म्हणून काही अडचण असेल अशी कुणाला शंकाच येत नाही. डिस्प्रॅक्सिया म्हणजे हालचालींचा ताळमेळ न जमणं, साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये दिसतं, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचं नावही आहे. पुण्यात १९६२ पासून ज्ञानप्रबोधिनी ही संस्था प्रज्ञावंत मुलांसाठी काम करतेय, तरी बाकी शाळांत हुशार म्हणजे सगळ्यातच हुशार हाच समज. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे लेस बांधणं, लिहिणं अशा रोजच्या कामांसाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे, आम्ही गेलो ते एका मैत्रिणीमुळे, शाळेमुळे नाही. निदान अक्षराचे मार्क कापण्याआधी एकदा विचारा तरी, की बाळा, हात दुखतो का?

— एक आई, पुणे