पाण्याखालच्या विवरातल्या (गुहेतल्या) डाइव्हआधी सर्व सभासदांनी वाचावे

मंडळी, गोड्या पाण्यात समुद्राइतकी वजनं लागत नाहीत. जास्त लावलीत तर थेट तळाच्या गाळात बसाल, आणि गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही. त्यामुळे तळाजवळ फिन (पायातले रबरी पंख) वर-खाली मारू नका, फ्रॉग किकच, म्हणजे बेडकासारखी पाय बाजूला फाकवून मारायची किक वापरा.

सिलिंडरमधली एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश परतायला. उरलेली फक्त अडचणीसाठी. कुणा एकाचा पहिला भाग संपला की सगळ्यांनी वळायचं. वाद घालायचाच तर वर आल्यावर.

विवराच्या तोंडाकडचा उजेड दिसेनासा होईल तिथे जायचं नाही, मग ओपन वॉटरचा (डोक्यावर छत नसलेल्या खुल्या पाण्यातला) अनुभव कितीही असो. मार्गदर्शक दोरीजवळच राहा. मुख्य टॉर्चसोबत राखीव टॉर्च प्रत्येकाकडे हवेच. जोडीदाराकडचे मोजले जाणार नाहीत.