सुकटीच्या टोपलीचं काय करायचं साहेब?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुलं पत्र

नमस्कार साहेब,

मी चोपडा तालुक्यातला केळीवाला. समुद्र आमच्यापासून कितीतरी लांब, तापीमाय तेवढी जवळ. तरी पत्र समुद्राच्या माशाबद्दल लिहितोय, कारण तो मासा आमच्याकडे येतोच, वाळून येतो. आठवडे बाजारात सुकट, बोंबील, जवळा घेऊन बसणाऱ्या मावश्या तुम्ही पाहिल्या असतील. पावसाळ्यात भाजीचे भाव चढले की कळण्याची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा, एवढ्यावर आमच्याकडची कितीतरी घरं भागवतात.

तर झालं असं की परत एकदा तो व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ फिरला, जपानने अणुभट्टीचं पाणी समुद्रात सोडलं, मासे खाऊ नका, कॅन्सर होतो वगैरे. आमच्या ग्रुपवर दिवसभरात चार जणांनी टाकला. बाजारच्या दिवशी मी सुकट घ्यायला गेलो तर मावशीची टोपली दुपारपर्यंत भरलेलीच, आणि मी तिला व्हिडिओचं सांगितलं तर म्हणे, "भाऊ, मोबाईलमा काय भी येस, मनी सुकट कोन लेई मंग?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मुलीला घेऊन बसलो, ती बीएस्सीला आहे, आणि दोघांनी मिळून जमेल तेवढं वाचलं.

आधी जपानचं. फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पाची दुर्घटना 11 मार्च 2011 ची. तिथल्या टाक्यांत साठलेलं पाणी गाळून, पातळ करून 24 ऑगस्ट 2023 पासून समुद्रात सोडतायत. गाळल्यावर मुख्यतः ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, उरतं, आणि त्याची मर्यादा त्यांनी लिटरला 1500 बेकेरेल (किरणोत्सर्ग मोजायचं माप) ठेवलीय, जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची 10,000 आहे. व्हिडिओत किलोला 18,000 बेकेरेलवाला एक मासा दाखवलाय, तो खोटा नाही, पण तो मे 2023 मध्ये, म्हणजे हे पाणी सोडायच्या आधी, त्या प्रकल्पाच्या बंदरातच सापडला होता आणि त्यात सिझियम हा किरणोत्सारी पदार्थ होता, जपानची मर्यादा किलोला 100. आता आपला बोंबील अरबी समुद्रातला, तो काय जपानला फिरायला जात नाही. त्यामुळे मावशीच्या टोपलीला जपानची भीती लावणं चूकच.

मुलगी तर म्हणाली पप्पा, तुमच्या एका केळ्यातपण साधारण 15 बेकेरेल असतात, निसर्गाचंच पोटॅशियम. मी हसलो, म्हटलं हे व्हॉट्सॲपवर टाकू नको, आधीच केळीला भाव नाही!

पण साहेब, वाचता वाचता माझी एक शंका मिटली आणि दुसरी उभी राहिली. सिझियम म्हणजे पोटॅशचा चुलतभाऊ, आम्ही पोटॅश टाकतो तसं झाड ओढतं, तसं माशाचं मांस सिझियम ओढतं. स्ट्रॉन्शियम हा असाच दुसरा किरणोत्सारी पदार्थ, तो जातो हाडात, कॅल्शियमसारखा. शहरातला माणूस पापलेटचा काटा काढून ठेवतो, आम्ही बारीक सुकट काट्यासकट तव्यावर भाजून पाट्यावर वाटतो. वरून बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, वाळवला की ट्रिटियम पाण्याबरोबर बरंचसं उडून जाईल पण सिझियम कुठं जाणार, ते तेवढंच राहून किलोमागे वाढणार. मग ओल्या माशाचा आकडा "ठीक आहे" म्हणून दाखवला तर वाळलेल्याचं काय? (खाणारा किलोभर सुकट एकदम खात नाही हेही खरं, पण हिशोब तर मांडायला पाहिजे ना.)

आणि जपान सोडा, आपल्याच किनाऱ्यावर तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे, त्याच पालघर-डहाणूच्या पट्ट्यात जिथे बोंबील काठ्यांवर वाळत घालतात. तिथे गडबड आहे असं माझं बिलकुल म्हणणं नाही. अणुऊर्जेवाले प्रकल्पाभोवतीचे मासे, पाणी, दूध नेमाने तपासतात असं वाचलं. तिथल्या कोळी बांधवांची जास्त ओरड तर एमआयडीसीच्या केमिकलच्या पाण्याची आहे, तेही एकदा बघा. इकडे तापीवर खाली गुजरातेत काकरापारचं अणुवीज केंद्र आहे, तिथे 2016 मध्ये जड पाण्याची (अणुभट्टीत वापरतात त्या खास पाण्याची) गळती झाली, तारीख नेमकी 11 मार्च! बाहेर काही गेलं नाही असं सांगितलं गेलं, आणि पाणी काय उलटं वर चढून आमच्याकडे येत नाही. पण नवापूरकडच्या माणसाच्या मनात धाकधूक राहतेच, त्याला कोण समजावणार?

अणुऊर्जा तुमच्या खात्यात नाही हे मला कळतं. मासा तर आहे ना. माझी केळी आखातात पाठवायची तर औषधाच्या अंशाची तपासणी, कागद, शिक्के, सगळं लागतं. आमच्याच बाजारातली सुकट कोणत्या बंदरातून आली हे गोणीवर लिहिलेलं नसतं, मावशीला व्यापारी सांगेल तेवढंच माहीत.

म्हणून एवढंच करा, वर्षातून दोनदा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारातून वाळलेला मासा उचला, वाळलेलाच, काट्यासकट, आणि तपासून घ्या. सिझियम किती, स्ट्रॉन्शियम किती, मर्यादा किती, हे मराठीत एका पानावर छापून बाजार समितीच्या भिंतीवर लावा. शिसं आणि पारापण त्यातच बघून घ्या, गाडी जातेच आहे तर. आणि आकडा वाईट निघाला तरी लावा, आम्ही बोंबलणार नाही असं नाही, पण निदान खऱ्या गोष्टीवर बोंबलू.

तोवर मी सुकट घेणं बंद केलेलं नाही. त्या दिवशीपण पावशेर घेतलीच. मावशीने मूठभर वर टाकली, कोणी घेतच नव्हतं म्हणून.

आपला,
एक केळीवाला, तालुका चोपडा, जि. जळगाव