ऐरोलीच्या डेटा सेंटरमधल्या रात्रपाळीतल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तक्रारीच्या तिकिटावरही नुसतं 'नाइट शिफ्ट' एवढंच होतं. म्हणून हे उघडं पत्र.

सांगलीत घरी बसून मी तुमच्याकडे ठेवलेला आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर रीबूट केला, तेव्हा पावणेएक वाजला होता. पिंगला उत्तर येईना, एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) लागेना आणि सकाळी दहाला काउंटर उघडायचं. फोनवर मी एकच धोशा लावला, "पॉवर काढून परत लावा." तुम्ही म्हणालात, "मॅडम, पॉवर काय, कधीही काढता येईल. पण दिवा हिरवा आहे. मशीन काय म्हणतंय ते आधी वाचू या की."

बीएमसीच्या, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायच्या कंट्रोलरच्या, पोर्टात केबलच नव्हती, हे तुम्हीच बघितलंत. मुख्य मशीन बंद असतानाही स्टँडबाय करंटवर जागा राहणारा तो चिमुकला कॉम्प्युटर आमच्या सर्व्हरमध्ये पहिल्या दिवसापासून होता, आणि आम्ही त्याला कधी केबल लावली नव्हती! तुम्ही पॅचकॉर्ड ओढलीत, स्टिकरवरचा मॅक अ‍ॅड्रेस वाचून आयपी शोधून दिलात. सर्व्हरच्या पुढचा टॅग बाहेर ओढून बीएमसीचा पासवर्ड एकेक अक्षर सांगितलात, "बी, बारामतीचा बी" असं करत.

एका दुसऱ्या मशीनवर एसएसएचने शिरून आयपीएमआयटूल या कमांडने सोल (सर्व्हरचा सिरियल कन्सोल नेटवर्कवरून दाखवणारी सोय) अ‍ॅक्टिव्हेट केलं, तर स्क्रीन काळीच. "एकदा एंटर दाबा." दाबलं, आणि ओळ उमटली: मेंटेनन्ससाठी रूटचा पासवर्ड द्या. आमच्या आधी कुणीतरी कर्नलच्या ओळीत टीटीवायएस१ आणि ११५२०० (कोणत्या सिरियल पोर्टवर, किती वेगाने मजकूर पाठवायचा ते) लिहून ठेवलं होतं म्हणून ती दिसली. त्या माणसाचेही आभार.

गुन्हेगार मीच होते. बॅकअपची जुनी डिस्क काढली, पण एफएसटॅबमधली (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीतली) तिची ओळ तशीच ठेवली. मशीन सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने दीड मिनिट त्या डिस्कची वाट पाहिली आणि इमर्जन्सी मोडमध्ये बसून राहिला. पॉवर ओढली असती तरी पुन्हा तिथेच येऊन थांबला असता.

ओळ काढली, रीबूट केलं, लॉगिन आलं. खुशीत सोलमधून बाहेर पडायला टिल्डा (~) आणि टिंब दाबलं, तर माझं एसएसएचच तुटलं! परत जोडते तर सोल म्हणे आधीच चालू आहे. तुम्ही हसलात. "एसएसएचमधून आलात ना? मग टिल्डा दोनदा. आता सोल डीअ‍ॅक्टिव्हेट करा आणि तो टॅगवरचा पासवर्ड झोपायच्या आधी बदला."

बदलला. सकाळी पहिली पावती दहा वाजून चार मिनिटांनी निघाली. काउंटरवर कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

त्या केबलसाठी एक लेबल छापून कुरिअर केलंय: 'बीएमसी – काढू नये'. सवडीने चिकटवाल का?

तुमची,
सांगलीच्या मॅडम