कवितेच्या ओळी चौकात लावणारं गाव

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

इटलीत रेकानाती म्हणून एक छोटं गाव आहे, वीस-एकवीस हजार वस्तीचं, डोंगरमाथ्यावर लांबट पसरलेलं. मुलगी अंकोनाला नोकरीला आहे, तिच्याकडं गेलो होतो तेव्हा बघून आलो आणि तेव्हापासनं हे पत्र लिहायचं मनात घोळतंय, कारण तिथं जे बघितलं ते आपल्या बेळगावात सहज होण्यासारखं आहे.

जाकोमो लेओपार्दी हा त्यांचा फार मोठा कवी, १७९८ साली तिथं जन्मला. घराणं सरदारी, बापानं जमवलेली वीसेक हजार पुस्तकं, आणि त्या बापानं १८१२ साली ती लायब्ररी गावकऱ्यांसाठीसुद्धा उघडली. पोरगा मात्र तिथंच वाचून वाचून तब्येत घालवून बसला, पाठीला कुबड आलं, गावाला इतका वैतागला की एकदा पळून जायचा बेत केला, कवितेत गावाला रानटी म्हटलंय. आणि गावानं काय करावं? त्याच्या वाड्यासमोरच्या चौकाला त्याच्याच कवितेचं नाव दिलंय, 'खेड्यातला शनिवार'. त्यांच्या गाडीवानाची मुलगी तरुणपणीच क्षयानं गेली, तिच्यावरची कविता इटलीतली पोरं शाळेत शिकतात, तिचं घर त्या चौकातच आहे. चर्चचा एक बुरुज आहे, त्याच्यावर बसून एकटाच गाणाऱ्या पाखरावर कविता आहे, तिथंही लोक थांबतात, मान वर करून बघतात. जागोजागी त्याच्या ओळींच्या पाट्या. आणि ती टेकडी, जिथं १८१९ साली त्याला 'अनंत' ही पंधरा ओळींची कविता सुचली. कुंपणाच्या झुडपांमुळं पलीकडचं क्षितिज दिसत नाही म्हणून मनच त्याच्या पलीकडं जातं, असं काहीतरी आहे त्यात. मुलीनं अर्थ सांगितला आणि खरं सांगतो, मी बराच वेळ काही बोललो नाही.

त्याच गावात १८९० साली एका चांभाराच्या घरी बेनियामिनो जिली जन्मला, चर्चमध्ये गाणारा पोरगा, पुढं न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा गाजवलं. त्याचं म्युझियम गावच्या नाटकगृहातच आहे. आणि जवळचं कास्तेलफिदार्दो तर अकॉर्डियनचं गाव, १८६३ पासनं तिथं अकॉर्डियन बनतात. भाता आणि धातूच्या पट्ट्या, आपल्या पेटीचीच भावकी ती, तिथं मला आपल्या बेळगावचे पेटीवादक रामभाऊ विजापुरे यांची आठवण आली.

आता आपल्याकडं बघा. इंदिरा संत इथल्या, आयुष्याची कितीतरी वर्षं इथं शिकवलं, कविता इथं लिहिल्या. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत, त्यांच्या कथांतल्या लंपन या पोराचं गाव म्हणजे आपलंच गाव हे इथं वाढलेल्या माणसाला दोन पानांत कळतं, आणि त्यातल्या एका पुस्तकाचं नावच 'शारदा संगीत'. जी. ए. कुलकर्णींचा जन्म बेळगाव जिल्ह्यातला. कुमार गंधर्व १९२४ साली सुळेभावीत जन्मले, त्यांच्या नावाचं रंगमंदिर शहरात आहे हे चांगलंच आहे, पण सुळेभावीला जत्रेला जाणाऱ्या किती पोरांना हे माहीत असतं? अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, १८४३ चा जन्म, त्यांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि चाली कर्नाटकी ढंगाच्यासुद्धा घेतल्या. रेकानातीपेक्षा आपली यादी कुठं कमी आहे सांगा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आपली वाचनालयं, संगीत विद्यालयं आणि कॉलेजं यांनी एकत्र बसून सुरुवात करावी. टिळकवाडीत इंदिराबाईंच्या चार ओळींची दगडी पाटी, सुळेभावीत आणि गुर्लहोसूरला एकेक. पाटीवर मराठी आणि कन्नड दोन्ही असू देत. यात भांडायचं काही नाही, कुमारजींच्या घरची भाषा कन्नड होती आणि निर्गुणी भजनं त्यांनी हिंदीत गायली. दगड कोरणारे कारागीर आपल्याकडं आहेत, खर्चही फार नाही, जागेच्या परवानगीचं काम जरा किचकट होईल पण चार ज्येष्ठ मंडळी पालिकेत गेली तर होईल. ओळी निवडायचं काम शाळेतल्या पोरांकडं द्यावं, वाचतील तरी. पहिल्या पाटीसाठी माझी वर्गणी मी आत्ताच कबूल करतो, ज्यांना यात यायचंय त्यांनी आपल्याच या सदरात लिहावं, संपादकांनी तेवढी जागा द्यावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव