फुगडी थांबवायची कशी

एसेन, जर्मनी

आई, बापू,

सोयाबीनची रास झाली का? बापू दरवेळी विचारतात की नाचाचं नाटक म्हणजे नेमकं काय करायलीस, फोनवर सांगायला जमत नाही म्हणून लिहायलेय.

आम्ही सहाजण आहोत, माणूस माणसाला कसा भेटतो यावर नाटक बसवायलोय, पण स्टेप काहीच ठरलेल्या नाहीत, नुसते नियम आहेत. म्हणजे समोरच्याला एकाच जागी टेकायचं, खांद्याला खांदा नाहीतर पाठीला पाठ, आणि ते टेकणं न सोडता भार देत-घेत हलत राहायचं, पुढं काय होणार ते दोघांनाही माहीत नसतं. ही पद्धत अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन नावाच्या नाचणाऱ्यानं १९७२ मध्ये सुरू केली. आणि इथं जवळच वुपरटाल गावात पीना बाऊश नावाची नाच बसवणारी बाई होती, १९७३ पासून, ती नाचणाऱ्यांना त्यांच्याच आयुष्यातलं काहीबाही विचारायची आणि ते अंगानं उत्तर द्यायचे. आम्हीपण तसंच करतो. मला हे लई आवडतं, खोटं करायला जागाच राहत नाही.

पण तीन आठवडे काही जमेना, सगळे एकमेकांना काचेचं भांडं धरल्यासारखे धरायचे. मग एका दिवशी प्रश्न आला, लहानपणी कुणाला सगळ्यात घट्ट धरलं होतं? मला एकदम पंचमी आठवली, आपलं अंगण, आई तुझे घामेजलेले हात नि माझ्या मनगटात रुतणाऱ्या तुझ्या बांगड्या. मी कोरियाच्या पोरीला उभं केलं, हाताची फुली करून धरली, पायाला पाय लावले. ती फिरायली पण रेलतच नव्हती, सगळा भार स्वतःच्याच पायावर. मी म्हणलं मागं रेल, मी आहे ना. दोनदा भ्याली. तिसऱ्यांदा रेलली आणि माझ्या खांद्याला असा हिसका बसला, तिच्या वजनावर मी उभी नि माझ्या वजनावर ती! थांबलो तरी तिनं हात सोडले नाहीत, बोटं पांढरी पडली होती.

आता फुगडी नाटकाच्या मधोमध आलीय, गाणं नाही, नुसता पायाचा नि श्वासाचा आवाज. थांबणंच तेवढं जमत नाही, दोनदा भिंतीवर गेलो, गुडघा सुजलाय पण काळजी करू नको, बर्फ लावतेय.

आई, पंचमीची वाट बघू नको, तू नि काकी अंगणात फुगडी घाला आणि दादाला व्हिडिओ काढायला सांग, पायाजवळून, तोंडानं घालता त्या पकव्याचा आवाजपण यायला पाहिजे. आणि एवढं सांग, थांबायच्या वेळी तू आधी वेग कमी करायचीस का हात जवळ ओढायचीस, आणि ते काकीला न बोलता कसं कळायचं?

तुमची,
बाळी