लेक लागली

गोरखा जिल्हा, नेपाळ
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या शनिवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तू तिथं नक्की करतेस काय? आणि तेच आपल्या पाटण तालुक्यात करायला काय झालं होतं?" मी म्हणाले रेंज जातीय, आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती, उत्तर नव्हतं. आठ दिवस तुमचा प्रश्न घेऊन डोंगर चढतेय-उतरतेय. आमच्यातला एकजण मंगळवारी पुण्याला परत निघालाय, त्याच्याकडे हे पाकीट देते. फोनवर आपण दोघंही "बरं आहे"च्या पुढे जात नाही.

आई, आधी पाडव्याचं सांगते. इथं आज साधा रविवार, शाळा चालू, कारण यांची सुट्टी शनिवारी. यांचं नवं वर्ष अजून पंधरा दिवसांनी, त्यांच्या वैशाखाच्या पहिल्या दिवशी, तेव्हा २०८२ साल लागेल. आपलं आज शके १९४७ लागलं. मोबाइलवर २०२५. कुठल्याही हिशेबानं मी आज घरी नाही. तरी अंगणात बांबू उभा केला, माझी निळी ओढणी बांधली आणि वर आमाचा पितळी अम्खोरा, म्हणजे पाणी प्यायचं भांडं, पालथं घातलं. कडुनिंब इतक्या उंचीवर नाही. त्याऐवजी तितेपाती नावाचं एक झुडूप बांधाबांधावर असतं, नावातच 'तिते' म्हणजे कडू. त्याचं अर्धं पान गुळाबरोबर खाल्लं. आमा बघत होती. कडू पान गुळाबरोबर का खायचं, हे माझ्या नेपाळीत मला समजावता आलं नाही.

आमा म्हणजे ज्यांच्याकडे मी राहते त्या. बहात्तर वर्षांच्या. इथं कुठल्याही वयस्कर बाईला आमाच म्हणतात. गाव साधारण १,७०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडंसं उंच. आई, तुझ्या गावाचं मूळ या जिल्ह्यातच आहे म्हण, कारण गोरखा हे नाव गोरखनाथांवरून. तिकडे गोरखा बाजारच्या दरबाराशेजारी त्यांची गुहा आहे. तुझ्या शिराळ्याच्या गोरखनाथाला तिथून नमस्कार केला. आणखी एक: झऱ्यात नाग राहतो असं हे लोक मानतात, झऱ्याभोवतीची झाडं तोडत नाहीत, उष्टं-खरकटं तिथं धूत नाहीत. शिराळ्याची नागपंचमी सांगितली तर आमा हात जोडून ऐकत बसली.

जेवणाची काळजी करू नकोस. कोदो म्हणजे आपला कोद्रा नव्हे, ती आपली नाचणीच. तिच्या पिठाची उकळत्या पाण्यात घोटून घट्ट उकड करतात, तिला ढिंडो म्हणतात. चावायचा नाही, गुन्द्रुकच्या रश्शात बुडवून गिळायचा. गुन्द्रुक म्हणजे पालेभाजी आंबवून वाळवलेली. पहिल्या दिवशी वासानं नको झालं होतं, आता नसला तर चुकल्यासारखं होतं. भाकरीची सर नाही, हे तुला खूश करायला लिहीत नाही.

आता बाबा, तुमचा प्रश्न. मी काय करते? बादली आणि घड्याळ घेऊन झऱ्यापाशी बसते. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहिते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या फीमधून निघालेलं काम हे. २०१५ च्या भूकंपात या भागातले बरेच झरे आटले किंवा जागा बदलून खाली फुटले. गावाची जुनी नळयोजना ज्या झऱ्यावर होती तो त्यातलाच. आता वर जंगलात दुसरा झरा धरलाय, तो गावापेक्षा १८० मीटर उंच. पंप नको, वीज नको, पाणी उतारानं आपोआप येणार. पण दर दहा मीटर उताराला पाइपमध्ये एक किलोचा दाब चढतो, म्हणून साठेक मीटरला एक टाकी बांधून तो दाब मोडायचा. त्या टाकीला सगळे 'बीपीटी' म्हणतात. समितीच्या बैठकीत दिवसभर "बीपीटी कुठं, बीपीटी किती" चाललेलं असतं आणि आई, मला तुझ्या गोळ्या आठवतात. सकाळची घेतेस ना?

कार्तिकात मी आले तेव्हा बादली २१ सेकंदांत भरत होती. मी खुशीत आराखडा काढला. समितीतले एक म्हातारे बाजे, म्हणजे आजोबा, म्हणाले, "चैतमा हेर्नु." चैत्रात बघ. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू. परवा बघितलं. ५२ सेकंद. ६१ घरं, २९० माणसं, माणशी रोजचे ४५ लिटर धरले तर कसंबसं पुरतं, तेही साठवण टाकी रात्रभर भरत राहिली तर. बाजेंनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलंसुद्धा नाही. चहा दिला. इथं चहा 'खातात', पाणीही 'खातात', पिण्याच्या पाण्याच्या योजनेचं सरकारी नावच 'खानेपानी'. मी तो चहा मुकाट्यानं खाल्ला.

पण तुम्हाला सांगायची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती फोनवर सांगायची लाज वाटली. गावाच्या खालच्या अंगाला नऊ घरं कामींची. कामी म्हणजे लोहार. शिवाशीव इथल्या कायद्यानं १९६३ सालीच मोडीत काढली, २०११ मध्ये तिच्यासाठी शिक्षेचा वेगळा कायदाही आला. (शिक्षा म्हणजे आपली शिक्षा. यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. शाळेच्या पाटीवर तो शब्द दिसला की मला तुमची छडी आठवते.) मी नकाशावर रेष ओढली: टाकीपासून वरची आळी, मधली आळी, आणि शेवटी कामींची नऊ घरं. पाइप सगळ्यात कमी लागतो, उतारही सरळ. कागदावर त्यात चूक काढायला जागा नव्हती.

बैठकीत एक बाई उठल्या. कडेवर पोर. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हाम्रो धारा किन सधैं पुछारमा?" आमचा नळ नेहमी शेपटीलाच का?

कारण वरच्यांनी बादल्या भरून घेतल्या, भाजीला पाणी सोडलं, की चैत्रात शेपटीला फक्त हवा येणार. आणि मग पाणी मागायला वरच्या आळीत यायचं, आणि तिथं कोण हंड्याला हात लावू देतं आणि कोण वरून ओततं, हे त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाबा, दरवर्षी २० मार्चला तुम्ही वर्गात चवदार तळं सांगायचात. मी सातवीत तुमच्याच वर्गात पहिल्या बाकावर होते. ती बैठक झाली १८ मार्चला. मी ती रेष जातीसाठी ओढली नव्हती, पाइप वाचवायला ओढली होती. पण बहुतेक ठिकाणी अशीच ओढली गेली असणार, कुणाच्या मनात काही नसताना.

आता साठवण टाकीतून त्यांच्यासाठी स्वतंत्र लाइन काढलीय. ३४० मीटर पाइप जास्तीचा. त्यावर तीन बैठका भांडण झालं, एकानं मला "पाहुणीनं पाहुण्यासारखं राहावं" असंही सुनावलं. शेवटी आयाबायांच्या गटानं, इथं त्याला आमा समूह म्हणतात, जमवलेल्या पैशातून अर्धा पाइप द्यायचं कबूल केलं आणि वाद मिटला. मिटला म्हणजे बोलणं थांबलं. मनातलं मला काय कळणार.

यांचे जवान हात सगळे बाहेर. मलेशिया, कतार, कोरिया. देशाच्या उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा बाहेरून येणाऱ्या पैशाचा. त्यामुळे श्रमदानाला (शब्द हाच) येतात त्या बायका, म्हातारे आणि शाळा सुटल्यावर पोरं. पाइपचं भेंडोळं डोंगरावर न्यायला ते उलगडून पंचवीस-तीस माणसं ओळीत खांद्यावर घेतात. लांबून बघितलं तर काळा अजगर चालल्यासारखा दिसतो.

आमाचा मुलगा कतारला, आठ वर्षं झाली. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तिम्रो बुबाआमा कोसँग?" तुझे आईबाबा कुणाबरोबर असतात? मी म्हणाले, ताई जवळच असते, कराडला. ती "हँ" म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. त्या "हँ"चा अर्थ मी पाच महिने लावतेय. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका शिबिरात झालंय आणि तो डोळा झकास आहे. स्वस्तातली लेन्स काठमांडूत, तिलगंगा नेत्रसंस्थेत बनते, डॉ. सन्दुक रुइत यांनी उभी केलेली. त्यांना २००६ चं मॅगसेसे मिळालं होतं. हे मुद्दाम लिहितेय बाबा, कारण तुमच्या डोळ्याची तारीख मे महिन्यात आहे, आणि त्याबद्दल पुढं बोलायचंय.

त्याआधी "इथं का नाही" याचं उत्तर. थोर काही नाही. ऑफिसचा कंटाळा आला होता, डोंगर बघायचे होते, आणि नेपाळला व्हिसा लागत नाही. लोक परदेशातून समाजसेवेला दोन आठवडे येतात, शाळेची भिंत रंगवतात, पोरांबरोबर फोटो काढतात आणि जातात. काठमांडूकडे तर अशा पाहुण्यांच्या डॉलरसाठी आई-बाप जिवंत असलेली पोरं अनाथ म्हणून ठेवल्याची प्रकरणं बाहेर आली आहेत. मी त्यांच्यापेक्षा फार वेगळी आहे असा माझा दावा नाही, पाच महिने राहिले एवढंच. पण पाटण तालुक्यात गेले की मला गुरुजींची मुलगी म्हणून खुर्ची मिळते, सरबत मिळतं, माझ्या नकाशाला सगळे छान म्हणतात. तिथं कुणी कडेवर पोर घेऊन उभं राहिलं असतं, तर त्या बाईला आपल्याच लोकांनी खाली बसवलं असतं आणि मला कळलंही नसतं.

आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप. बाबा, तुम्ही नऊ वर्षांचे होतात. ११ डिसेंबर, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, सगळं गाव झोपेत. इथला 'भुइँचालो', म्हणजे २०१५ चा भूकंप, २५ एप्रिलला, दुपारी १२ वाजायला ४ मिनिटं कमी असताना आला. बरेचजण शेतात होते. आणि वार शनिवार, त्यामुळे शाळा रिकाम्या. हजारो वर्ग कोसळले, आत पोरं नव्हती. तरी देशात ९,००० च्या आसपास माणसं गेली. येत्या महिन्यात दहा वर्षं होतील. मी आपली कोयनेची गोष्ट आमाला सांगितली, तुमची आत्या भिंतीखाली सापडली तीही. आणि तो माणूस, ज्याची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत, कुठून तरी बाहेरून आलेला, मराठी धड न बोलणारा, आठ दिवस उंबराखालच्या झऱ्यातले दगड उपसत होता आणि आज्जी त्याला भाकरी द्यायची. त्याचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. त्यालाही त्याच्या वडिलांनी विचारलं असेलच, की तेच इथं करायला काय झालं होतं.

आता बातमी. मी एप्रिलअखेर येणार होते. पाइप यायलाच मेचा पहिला आठवडा उजाडणार आणि पावसाच्या आत लाइन पुरली नाही तर काम थेट पुढच्या कार्तिकात जाईल. मला जूनच्या मध्यापर्यंत थांबायचंय. बाबा, डोळ्याची तारीख महिनाभर पुढे गेली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारा. ते नाही म्हणाले, तर मी मे मध्ये येते, हे काम दुसरं कुणी बघेल. तुम्ही परस्पर "चालेल" म्हणून मला कळवू नका. ताईला बरोबर न्या, मी तिलाच विचारणार आहे.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. इथं उंच डोंगरमाथ्याला 'लेक' म्हणतात. उंचीवर डोकं धरलं, मळमळायला लागलं की म्हणतात 'लेक लाग्यो', लेक लागली. मागच्या शनिवारी वरच्या कुरणाकडे गेले होते, तिथं मला लागली. खाली उतरल्यावर उतरली, आता ठीक आहे. तुम्हा दोघांना चौतीस वर्षं लागलीय, तुमची उतरायची चिन्हं नाहीत.

शनिवारी सातला फोन करते. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे, म्हणजे तुमच्या पावणेसातला वाजेल. उगाच सहापासून फोन घेऊन बसू नका.

बाबा, तुम्ही मात्र मला पत्रच लिहा. त्यात दोन गोष्टी हव्यात. कोयनेच्या भूकंपानंतर आपल्या उंबराखालचं पाणी किती दिवसांनी परत आलं, आणि आलं ते त्याच जागी आलं की खाली सरकून? गावात अजून कुणी सांगणारं असेल तर त्यांनाही विचारा. दुसरं, आपल्या गावच्या नळयोजनेतला शेवटचा नळ कुणाच्या दारात आहे? मला माहीत नाही. एकदा मे महिन्यात, दुपारी, तिथपर्यंत चालत जाऊन नळ सोडून बघाल का? टोपी घालून जा.

तुमची,
लेक