फेडर कुणाच्या हातात?

प्रिय वरच्या मजल्यावरच्या मुला,

नाव लिहायचं नाही ही तुझी अट, म्हणून हे असं संबोधन. तुझ्या आईला कळेलच.

त्या रात्री साडेअकराला तू दार वाजवलंस ते काही मदतीला नव्हे. ‘काका, आवाज जरा कमी करा ना, उद्या सबमिशन आहे,’ एवढंच सांगायला आला होतास. मी म्हटलं, ‘अरे बाबा, तेच तर तीन दिवस जमत नाहीये!’ तू चप्पल काढून आत आलास तो पावणेदोनला वर गेलास. सबमिशनचं काय झालं ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं मागचं सांगतो. मी पंचवीस वर्षं हौशी नाटकांचं पार्श्वसंगीत सांभाळलं. राज्य नाट्य स्पर्धेला रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात कॅसेट उलटवण्यापासून पेन ड्राइव्हपर्यंत सगळं केलं. संवादाखाली पाऊस किती ठेवायचा हे माझ्या बोटांना कळतं. निवृत्त झाल्यावर जीडेव्हलप या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर गेम करायला घेतला. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि कोड लिहावा लागत नाही. डावीकडे अट, उजवीकडे कृती, अशा ओळी मांडत जायच्या. माझा गेम साधा. काळोखात एक पोरगा माडांमधून किनाऱ्याकडे निघालाय. समुद्र दिसत नाही, गाज ऐकून दिशा ओळखायची. गाज खरी आहे, भाट्याच्या सुरूच्या बनाजवळ मोबाइलवर टिपलेली.

म्हणजे पोरगा जवळ गेला की गाज वाढली पाहिजे, लांब गेला की विरली पाहिजे. नाटकात हे काम एका बोटाचं. इथे मात्र गाज सुरू व्हायची आणि काही केल्या ऐकायची नाही.

तू आधी नुसतं बघितलंस. माझी पहिली चूक तर शेजाऱ्यांनीही ऐकलेली: आवाज लावायची कृती बिनअटीच्या ओळीत, म्हणजे दर फ्रेमला, सेकंदाला साठ वेळा पडदा नव्याने रंगतो त्या प्रत्येक वेळी, नवी गाज, एकीवर एक. कृती एकदाच होऊ देणारी ‘ट्रिगर वन्स’ ही अट लावलीस आणि घर शांत झालं. दुसरी चूक मला स्वतःला कधी सापडली नसती. आवाज लावताना तिथेच व्हॉल्यूमचा रकाना असतो, त्यात मी अंतराचं सूत्र लिहून ठेवलं होतं. तू म्हणालास, ‘काका, हा रकाना फक्त सुरू होताना वाचला जातो. त्यानंतर या आवाजाला तुम्ही हाक कशी मारणार? त्याला नंबर कुठेय?’

मग चॅनेल दाखवलास, म्हणजे आवाजाला बसवायची नंबरवाली जागा. गाज चॅनेल 1 वर, लूप चालू (संपली की पुन्हा पहिल्यापासून), सुरुवातीचा व्हॉल्यूम 0. आणि खाली वेगळी, बिनअटीची ओळ: चॅनेल 1 चा व्हॉल्यूम 100 वजा उरलेलं अंतर भागिले 20. पोरगा 2000 पिक्सेल लांब असताना शून्य, पाण्याला पाय लागले की 100. ज्या ‘दर फ्रेमला’ प्रकाराने मघाशी गोंधळ घातला होता तोच आता कामाला आला. मी खूश होऊन पावलांचा आवाजही 1 वरच टाकला आणि समुद्र गप्प! एका चॅनेलवर दुसरा आवाज आला की पहिला उठून जातो. पावलं 2 वर गेली.

एका गोष्टीत मात्र मी तुला शिकवलं, ते विसरू नकोस. निम्म्या वाटेत गाज फारच मोठी वाटत होती. साउंड मिक्सरच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या खुंटीवर, खुणा डेसिबलच्या असतात. इथले 0 ते 100 सरळ पट्टीचे. 100 चे 50 केले तरी जेमतेम 6 डेसिबल उतरतात आणि कानाला ते निम्मं वाटत नाही. तू लगेच आकड्याचा वर्ग करून 100 ने भागलंस, 50 च्या जागी 25 आले, म्हणजे 12 डेसिबल खाली. तेव्हा कुठे समुद्र लांब गेला.

पण माझे आभार खरे आहेत ते मांगराच्या, म्हणजे बागेतल्या झोपडीवजा खोलीच्या, दारासाठी. वाटेत पोरगा मांगरात शिरतो, दार लागतं, गाज दबली पाहिजे. फेड करायची, म्हणजे आवाज हळूहळू उतरवायची, तयार कृती मला सापडली होती: 2 सेकंदांत 20 वर. लावली, काही होईना. मी माउस तुझ्याकडे सरकवला. तू हात मागे घेतलास, मांडीखालीच ठेवलेस खरं तर, आणि विचारलंस, ‘काका, फेडर कुणाच्या हातात आहे?’

पाच मिनिटं मी त्या ओळींकडे बघत बसलो. फेड खाली ओढतोय आणि अंतराची ओळ पुढच्याच फ्रेमला परत वर ढकलतेय! एका फेडरवर दोन हात. विंगेत दिग्दर्शक, प्रकाशवाला, नटाची बायको सगळे कानात कुजबुजतात, पण बोट एकाचंच असतं, हे मला कुणी सांगायला हवं होतं? फेड काढून टाकला. ‘दार’ नावाचं व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा, केलं, उघडं असताना 1, लागल्यावर हळूहळू 0.2, आणि अंतराच्या सूत्राला शेवटी त्याने गुणलं. ते सगळं मी केलं, तू फक्त जांभया दिल्यास.

शिकवणीच्या किती चित्रफिती पाहिल्या होत्या, सगळ्या आवाज लावून मोकळ्या होतात. लागलेल्या आवाजाचं पुढे काय करायचं ते तुझ्यामुळे कळलं. मनापासून आभार, बाळा.

तुझा,
खालचा काका

ता.क. हेडफोन माझ्याकडेच राहिलाय. रविवारी ये, काकू घावणे करणार आहे. दार ढकललंस तर करकरेल. तो आवाज खरा आहे, त्याला चॅनेल नाही.